एल साल्वादोरचा एक गोल

१५ जून १९८२ ची ही गोष्ट. स्पेनमधील एल्चे या शहरी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील हंगेरी आणि एल साल्वादोर यांचा सामना चालू होता. हंगेरीचे पाच गोल झाले होते, एल साल्वादोरचा एकही झाला नव्हता. चौसष्टाव्या मिनिटाला लुईस रामिरेझ सापाता या बदली खेळाडूने चेंडू हंगेरीच्या जाळ्यात धाडला आणि तो आनंदाने असा काही धावत सुटला, की पाहणाऱ्याला वाटावे, सामनाच जिंकला! त्याचे सोबती मात्र त्याला आवरू लागले. एवढा आनंद दाखवू नकोस, समोरचे चिडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांची भीती अनाठायी नव्हती. पुढच्या बारा मिनिटांत हंगेरीने आणखी चार गोल चढवले. त्यांतले तीन लास्लो किश या एकट्याचे, आणि तोही बदली म्हणूनच उतरलेला. शेवटी दहावा गोल झाला. विश्वचषकाच्या सामन्यात एखाद्या संघाने दहा गोल करण्याची ती पहिलीच वेळ होती.

दहा विरुद्ध एक. या आकड्यांमुळे रामिरेझ सापाताचा आनंद जगाच्या थट्टेचा विषय झाला. आम्ही मुद्दाम त्या आनंदापासूनच आरंभ केला आहे. मध्य अमेरिकेतील या चिमुकल्या देशाच्या फुटबॉल संघाची जगाला आठवण राहिली ती दोन गोष्टींमुळे: एक हा पराभव आणि दुसरे १९६९ सालचे युद्ध, ज्याला सरसकट ‘फुटबॉल युद्ध’ म्हणतात. या दोन्ही आठवणींत त्या संघावर अन्याय झाला आहे, असे आमचे मत आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हटले की कलकत्ता आणि गोवा यांपलीकडे मन सहसा जात नाही. घरोघरी चर्चा क्रिकेटची. तरीही ही हकीकत केवळ खेळाची नसल्याने फुटबॉलची गोडी नसलेल्या वाचकांनीही ती वाचावी, अशी आमची विनंती आहे.

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतील सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ जेमतेम एकवीस हजार चौरस किलोमीटर, पण वस्ती मात्र दाट. ज्वालामुखींच्या राखेने कसदार झालेल्या उतारांवर कॉफीचे मळे पसरलेले आणि ते मळे थोड्या घराण्यांच्या हाती. तेथील लोक या धनिकांना ‘चौदा घराणी’ म्हणत. घराणी मोजून चौदाच होती असे नव्हे, पण जमीन मूठभरांची आणि घाम इतरांचा, ही स्थिती त्या शब्दांत नेमकी सापडते. १९३२ च्या जानेवारीत पश्चिमेकडील शेतकऱ्यांनी उठाव केला. जनरल मॅक्सिमिलियानो एर्नांडेस मार्टिनेस या हुकूमशहाने तो अशा क्रौर्याने चिरडला, की मृतांचा कमीत कमी अंदाजही दहा हजारांचा आहे. काही अभ्यासक तीस हजारांपर्यंत जातात. याच जनरलच्या अमदानीत, १९३५ साली, मध्य अमेरिका व कॅरिबियन क्रीडास्पर्धांसाठी राजधानी सान साल्वादोरमध्ये राष्ट्रीय क्रीडागार उभे राहिले. ‘फ्लोर ब्लांका’, म्हणजे पांढरे फूल, या नावाने ते ओळखले जाई. संघाचा लौकिक याच मैदानावर वाढला. १९५४ साली त्या विभागीय स्पर्धांत सुवर्णपदक मिळाले. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकपर्यंतही संघ पोहोचला. तेथेही हंगेरीशीच गाठ पडून चार गोलांनी हार झाली होती, हा एक योगायोग.

आता शेजारच्या होंडुरासकडे वळू. हा देश एल साल्वादोरच्या पाचपट मोठा, लोकसंख्या मात्र कमी. गावी जमीन नाही आणि पलीकडे जमीन पडून आहे, म्हटल्यावर माणसे सीमा ओलांडतातच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून साल्वादोरी शेतमजूर होंडुरासमधील केळीच्या मळ्यांवर कामाला जाऊ लागले. कोणी ओसाड रान साफ करून मका पिकवला, कोणी छोटे दुकान घातले, कोणी तिथल्याच मुलीशी लग्न केले. कागदपत्रांची फिकीर फारशी कोणी केली नाही. १९६९ पर्यंत अशा लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली होती. पिढ्यान्पिढ्या परमुलखात घर करून राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

होंडुरासमध्येही जमिनीची विभागणी न्यायाची नव्हतीच. उत्तम जमीन बड्या जमीनदारांकडे आणि अमेरिकन फळकंपन्यांकडे होती. तिथला भूमिहीन शेतकरी जागा होऊ लागला, तेव्हा जनरल ओस्वाल्दो लोपेस अरेयानो यांच्या सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक, बड्यांच्या जमिनीला हात घालणे; दुसरी, परक्यांच्या ताब्यातली जमीन काढून घेणे. सरकारने दुसरी वाट धरली. १९६२ च्या जमीनसुधारणा कायद्याप्रमाणे जमिनीवर हक्क जन्माने होंडुरासी असणाऱ्यांचाच. हे कलम इतकी वर्षे कागदावर झोपले होते. १९६९ च्या आरंभी त्याला जाग आणली गेली. एप्रिलपासून साल्वादोरी कुटुंबांना जमिनी सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. वृत्तपत्रांनी आणि नभोवाणीने आगीत तेल ओतले. मे-जूनमध्ये हजारो माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन परत सीमेकडे चालू लागली. वाटेत मारहाण आणि लुटालूट झाल्याच्या हकीकती त्यांच्यासोबत एल साल्वादोरला पोहोचल्या.

नेमक्या या वेळी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या दोन देशांची गाठ पडली. हे वेळापत्रक ठरविणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. तो निव्वळ दैवयोग.

पहिला सामना ८ जून रोजी होंडुरासच्या राजधानीत, तेगुसिगाल्पा येथे झाला. पाहुण्या संघाला आदल्या रात्री झोप लागू नये म्हणून जमावाने हॉटेलभोवती गोंगाट केला. खेळ संपता संपता यजमानांनी एकमेव गोल करून सामना जिंकला. आठवड्याने, १५ जूनला, सान साल्वादोरमध्ये त्याची सव्याज परतफेड झाली. तीच जागरणे, तोच गोंगाट, पण दसपटीने. होंडुरासच्या खेळाडूंना लष्करी बंदोबस्तात मैदानावर न्यावे लागले. एल साल्वादोरने तीन गोलांनी बाजी मारली. होंडुरासहून आलेल्या प्रेक्षकांना मार खात सीमा गाठावी लागली आणि त्याचा सूड होंडुरासमध्ये राहणाऱ्या साल्वादोरी कुटुंबांवर उगवला गेला. पहिल्या सामन्यानंतर पराभवाच्या दुःखाने एका साल्वादोरी तरुणीने स्वतःवर गोळी झाडून घेतली, अशी एक कथा पुढे जगभर छापली गेली. रिशार्द कापुश्चिन्स्की या पोलिश पत्रकाराने तिला प्रसिद्धी दिली. पण तिच्या खरेपणाविषयी अभ्यासकांना शंका आहे, आणि आम्हीही तिच्यावर विसंबून काही लिहू इच्छीत नाही. खऱ्या घटनाच पुरेशा आहेत.

त्या काळी गोलांची गोळाबेरीज धरीत नसत. दोघांचा एकेक विजय, तेव्हा तिसरा सामना त्रयस्थ भूमीवर. २७ जूनला मेक्सिको शहरातील आस्तेका मैदानावर तो झाला. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध त्याच सुमारास तुटले होते. एवढ्या विषारी वातावरणात मैदानावर मात्र उत्तम, चुरशीचा खेळ झाला, हे सांगावयाचे बहुतेकजण विसरतात. निर्धारित वेळ संपली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. जादा वेळेत मौरिसियो रोड्रिगेस याने एल साल्वादोरचा तिसरा गोल केला. सारा देश त्याला ‘पिपो’ म्हणे. ‘ज्या गोलाने युद्ध पेटले’ असे त्या गोलाचे वर्णन पुढे झाले. स्वतः पिपोला ते कधी पटले नाही. होंडुरासच्या खेळाडूंशी आमचे वैर नव्हते, आमच्या विजयाचा उपयोग राज्यकर्त्यांनी करून घेतला, असेच तो उतारवयातही सांगत राहिला.

सामन्यानंतर सतरा दिवसांनी, १४ जुलैच्या सायंकाळी, एल साल्वादोरच्या विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोनकोन्तीन विमानतळावर हल्ला केला आणि सैन्य सीमा ओलांडून आत घुसले. दोन्ही बाजूंची विमाने दुसऱ्या महायुद्धातली, पंख्याची. १७ जुलैला होंडुरासच्या फेर्नांडो सोतो या वैमानिकाने तीन साल्वादोरी विमाने पाडली. पंख्याच्या लढाऊ विमानांची आपापसांतली ती जगातली शेवटची झुंज मानली जाते. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने मध्ये पडून १८ तारखेला रात्री युद्धबंदी ठरविली. म्हणून या संघर्षाला ‘शंभर तासांचे युद्ध’ असेही नाव आहे. शंभर तासांत मेलेल्यांची संख्या हजारांत मोजावी लागली, आणि त्यांत सैनिकांपेक्षा होंडुरासच्या सीमाभागातील खेडूतच अधिक होते. ऑगस्टमध्ये साल्वादोरी सैन्य मागे फिरले. परत आलेल्या निर्वासितांना मायदेशी जमीन नव्हतीच. ती नव्हती म्हणूनच तर त्यांच्या बापजाद्यांनी देश सोडला होता.

आमच्या पिढीने हे युद्ध वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात वाचले असेल तर असेल. १६ जुलैला अपोलो ११ चंद्राकडे झेपावले होते, १९ जुलैला आपल्याकडे चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि २० तारखेला माणसाने चंद्रावर पाय ठेवला. त्या धामधुमीत दूरच्या दोन देशांतील जमिनीचा तंटा समजावून सांगण्यास कोणाला सवड होती? ‘फुटबॉलवरून लढाई’ हे दोन शब्द सोपे होते, गमतीचे होते, आणि बातमीच्या मथळ्यात बसत होते. तेच राहिले. जमीनदार, फळकंपन्या, हुकूमशहा हे सारे त्या मथळ्याआड सुखरूप राहिले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो चेंडू.

विश्वचषकाची वाट अजून संपली नव्हती. युद्धाला दोन महिने होतात न होतात तोच संघाला हैतीशी खेळावे लागले. पहिला सामना हैतीत जिंकला, दुसरा घरच्या मैदानावर तीन गोलांनी गमावला, आणि पुन्हा तिसरा सामना, या खेपेस जमैकातील किंग्स्टन येथे. तो ८ ऑक्टोबरला जादा वेळेत एका गोलाने जिंकून एल साल्वादोर १९७० च्या विश्वचषकास पात्र ठरला. मेक्सिकोतील त्या स्पर्धेत बेल्जियम, यजमान मेक्सिको व सोव्हिएत संघ या तिघांनीही त्यांना हरवले. नऊ गोल खाल्ले, केला एकही नाही. मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर पंचांनी दिलेली फ्री किक कोणाची, यावर वाद झाला. आपली म्हणून साल्वादोरी खेळाडू उभे असता ती मेक्सिकोने घेऊन टाकली आणि त्यातूनच गोल झाला. संतापलेल्या खेळाडूंचे चित्त नंतर खेळात राहिले नाही.

पुढली दहा वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. दोन्ही देशांत शांततेचा करार झाला तो ३० ऑक्टोबर १९८० रोजी, पेरूची राजधानी लिमा येथे. सीमेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाऊन त्याचा निकाल लागण्यास १९९२ उजाडले. तोवर एल साल्वादोरमध्ये आणखी मोठी आग लागली होती. जमिनीचे जुने दुखणे आता गृहयुद्धाच्या रूपाने फुटले. २४ मार्च १९८० रोजी गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची, ते प्रार्थनाविधी करीत असताना, गोळी घालून हत्या करण्यात आली. १९९२ पर्यंत चाललेल्या त्या यादवीत सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली.

अशा दिवसांत एक फुटबॉल संघ तयार होत होता, आणि त्याचा प्रशिक्षक होता आस्तेकावर तो गाजलेला गोल करणारा पिपो रोड्रिगेस. १९८२ च्या विश्वचषकासाठी उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाची अंतिम पात्रता फेरी नोव्हेंबर १९८१ मध्ये एकाच ठिकाणी झाली. ते ठिकाण होते तेगुसिगाल्पा! बारा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर वैराचा पहिला अंक झाला, त्याच मैदानावर एल साल्वादोरला आपले भवितव्य आजमावयाचे होते. सहा संघ, दोन जागा, आणि मेक्सिको हा सर्वांचा हुकमी उमेदवार.

सुरुवात वाईट झाली. कॅनडाने एका गोलाने हरवले. पण ६ नोव्हेंबरला एव्हेर हेर्नांडेसच्या एकमेव गोलावर एल साल्वादोरने चक्क मेक्सिकोला लोळवले. क्यूबाशी बरोबरी झाली. १६ तारखेला यजमान होंडुरासशी सामना पडला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला आणि त्या गुणाने होंडुरासचा विश्वचषकातला प्रवेश पक्का झाला. मग एल साल्वादोरने हैतीला एका गोलाने हरवले. पाच सामने खेळून झाले. संघाने दोनच गोल केले होते आणि एकच स्वीकारला होता. विजयाला दोन व बरोबरीला एक अशा तेव्हाच्या हिशेबाने सहा गुण झाले. आता त्यांच्या हाती काही उरले नव्हते. २२ नोव्हेंबरला होंडुरास व मेक्सिको यांचा शेवटचा सामना होता. मेक्सिको जिंकला असता तर त्याचेही सहा गुण होऊन सरस गोलफरकावर तोच स्पेनला गेला असता.

होंडुरासला त्या सामन्यातून काहीही मिळवावयाचे नव्हते. त्याची जागा पक्की होती. हरला असता तरी बिघडत नव्हते. बिघडणार होते ते एल साल्वादोरचे. होंडुरासचा संघ नव्वद मिनिटे झुंजला, मेक्सिकोला एकही गोल करू दिला नाही, आणि त्या बरोबरीने शेजाऱ्यासाठी स्पेनचे दार उघडले. होंडुरासने हे शेजारप्रेमाने केले, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर हरावयाचे नाही, एवढीच ईर्षा त्यामागे असावी. पण १९६९ ची ‘फुटबॉल युद्ध’ ही कथा चवीने सांगणाऱ्यांना १९८१ ची ही कथा कधी आठवत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. युद्धाला चेंडू कारण झाला म्हणावयाचे, तर मग या दिवसाचे श्रेयही चेंडूला द्यावयास नको का?

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच, ११ डिसेंबरच्या सुमारास, एल साल्वादोरच्या लष्कराने एल मोसोते या खेड्यात व आसपास आठशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले ठार केली. संघ ज्या देशाचा झेंडा घेऊन स्पेनला निघाला होता, त्या देशाची ही अवस्था होती.

स्पेनची तयारीही त्या अवस्थेला साजेशीच झाली. बावीस खेळाडू नेण्याची मुभा असता पदाधिकाऱ्यांनी वीसच नेले. दोन खेळाडू घरीच राहिले, आणि त्यावरून आजही तेथे कडवटपणे बोलले जाते. गोलरक्षक लुईस गेव्हारा मोरा अवघ्या विशीतला. पात्रता फेरीत पाच सामन्यांत एकच गोल जाऊ देणाऱ्या या संघाने पहिल्याच दिवशी धीट, चढाईचा खेळ करावयाचे ठरविले. मध्यंतरापर्यंत तीन गोल चढले तरी त्यांनी बचावाचे धोरण धरले नाही. त्याचे पर्यवसान काय झाले, ते आरंभीच सांगितले. तारीखही पाहा: सान साल्वादोरमधील त्या वादळी सामन्याला त्याच दिवशी तेरा वर्षे पूर्ण झाली होती.

जगाने सामना तेथेच बंद केला. त्यामुळे पुढचे कोणी पाहिले नाही. चारच दिवसांनी हाच संघ, हाच गोलरक्षक, बेल्जियमसमोर उभा राहिला. बेल्जियमने नुकतेच जगज्जेत्या अर्जेंटिनाला हरवले होते. त्या बेल्जियमला एल साल्वादोरविरुद्ध एकच गोल करता आला. तिसऱ्या सामन्यात, अलिकांते येथे, माराडोना खेळत असलेल्या अर्जेंटिनाला दोन गोलांवर समाधान मानावे लागले, आणि त्यांतला एक पेनल्टीचा होता. दहा गोल खाल्लेल्या माणसांनी चार दिवसांत मान वर करून मैदानात उतरणे, हे आमच्या मते त्या स्पर्धेतील थोर धैर्याचे कृत्य होते. तिकडे होंडुरासनेही यजमान स्पेनला बरोबरीत रोखून सर्वांना चकित केले.

याच स्पर्धेतून होर्हे गोन्सालेस हा चोवीस वर्षांचा खेळाडू स्पेनच्या नजरेत भरला. काडिस या समुद्रकाठच्या शहरातील क्लबने त्याला लगोलग घेतले. चेंडू त्याच्या पायाशी आला की तो काय करील याचा नेम नसे. म्हणून लोक त्याला ‘माहिको’, म्हणजे जादूगार, म्हणू लागले. माराडोनानेही त्याची तोंड भरून स्तुती केली. रात्रीचे जागरण आणि सकाळची झोप या दोहोंवर त्याचे सारखेच प्रेम असल्याने मोठ्या क्लबांत तो गेला नाही, काडिसमध्येच रमला. २००६ साली फ्लोर ब्लांका क्रीडागारास त्याचे नाव देण्यात आले. हुकूमशहाच्या राजवटीत उभ्या राहिलेल्या वास्तूवर आता एका खेळाडूचे नाव आहे.

त्यानंतरची कथा फारशी सुखद नाही. २०१३ साली पैसे घेऊन सामने हरल्याबद्दल चौदा खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्या धक्क्यातून संघ अजून पुरता सावरलेला नाही. यादवीच्या काळात देश सोडून गेलेल्यांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. लॉस एंजेलिस किंवा वॉशिंग्टन येथे संघाचा सामना असला की मैदान निळ्या-पांढऱ्या रंगांनी भरून जाते. त्यांच्यातलेच काही तरुण आता संघातही असतात. विश्वचषकाचे दार मात्र १९८२ नंतर पुन्हा उघडलेले नाही. २०२६ च्या स्पर्धेचीही पात्रता हुकली. दोन विश्वचषक, सहा सामने, सहा पराभव, बावीस गोल स्वीकारलेले. आणि केलेला एक, रामिरेझ सापाताचा.